मागची डावी स्प्रिंग

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गाडीची मागची डावी बाजू चार मिलिमीटर बसली. त्या वेळी गाडीला कोणी हात लावलेला नव्हता. ती पुढच्या खोलीत काचेच्या टेबलावर चारही चाकांवर उभी होती आणि कवळीताई तिच्यासमोर व्हर्निअर घेऊन बसली होती. चारला मोजलं तेव्हा मागे दोन्हीकडे बासष्ट मिलिमीटर भरलं होतं. तिने वहीत आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं, खात्री म्हणून पुन्हा मोजलं. उजवीकडे बासष्ट. डावीकडे अठ्ठावन्न.

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारा मॉन्स्टर ट्रक. हातभर लांब, तळहाताहून मोठी चाकं, आणि प्रत्येक चाकाशी एक शॉक, म्हणजे धक्का झेलणारी तेलाची नळी, त्याच्यावर गुंडाळलेली स्प्रिंग. अशा गाडीत उंची म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर. ते जास्त झालं तर गाडी वळणावर कलंडते, कमी झालं तर उडी मारून उतरताना पोट आपटतं. मधला आकडा शोधायचा आणि चारही कोपऱ्यांवर तोच राखायचा, हे कवळीताईचं गेल्या चार वर्षांचं वेड होतं. तिचा पोटापाण्याचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. त्यात दाढ केसभर उंच राहिली तरी म्हातारी माणसं जेवता जेवता शिव्या घालतात. त्यामुळे तिचा हात मोजून चालणारा होता, आणि अशा गाड्यांच्या ट्रॅकवर सगळे तिला कौतुकाने कवळीताई म्हणत. कौतुक थोडं, चिडवणं जास्त.

बाबा ट्रॅकवर तिच्याबरोबर असायचे. एकतीस वर्षं त्यांनी खऱ्या ट्रकांचे कमानपाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवले होते. पाच आठवड्यांपूर्वी माळ्यावरची पान्यांची पेटी काढताना ते स्टुलावरून पडले आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. आत सळी घातली गेली. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सहाव्या आठवड्यात चालले तर चालले. नाहीतर अंथरूण धरतील, आणि या वयात धरलेलं अंथरूण सुटत नाही." तो सहावा आठवडा सोमवारीच सुरू झाला होता.

"अगं, गाडी बसली का?" आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं.

कवळीताईने मान वर केली. आतल्या खोलीतून टेबल दिसत नाही. मध्ये दार आहे, दाराला पडदा आहे, आणि तो ओढलेला होता.

"हो. मागे, डावीकडे. तुम्हाला कसं कळलं?"

"मीही बसलो ना."

फिजिओबाई पडदा सारून बाहेर आल्या. "घाबरू नका, पडले नाहीत. वॉकर धरून छान चालत होते. एकदम डाव्या पायातला जोर गेला आणि पलंगावर बसले."

"किती वाजता?"

"आत्ताच. चार दहा झाले असतील. का?"

"काही नाही," कवळीताई म्हणाली.

बाबांच्या तोंडी हा एकच शब्द सगळीकडे चालायचा. पाटा थकला की गाडी बसली, सर्दी झाली की घसा बसला, गॅरेज बंद पडलं तेव्हा धंदा बसला. तिने त्या दिवशी तरी त्यावर जास्त विचार केला नाही.

बुधवारी बाबा जेवून झोपले तेव्हा तिने मागचे दोन्ही शॉक उतरवून उकलले. डाव्यातलं तेल काठोकाठ होतं, गळती नव्हती. दांडा सरळ होता. दोन्ही स्प्रिंगा काचेवर शेजारी शेजारी उभ्या केल्या तर लांबीत तसूचाही फरक नाही. सगळं जोडून गाडीचा एकेक कोपरा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. मागे डावीकडे जितकं वजन, तितकंच उजवीकडे. थोडक्यात, बसायला काही कारण नव्हतं. काचेवर ठेवली की मात्र ती बसलेलीच.

शॉकच्या अंगावर आटे असतात आणि त्यावर एक चकती. चकती खाली फिरवली की स्प्रिंग थोडी आवळते आणि गाडी तेवढी वर उचलली जाते. तिने डावी चकती दोन फेरे फिरवली. बासष्ट भरलं. पाच वाजता बाबा वॉकरने चौदा पावलं चालले.

"बघा, मी म्हणाले नव्हते?" फिजिओबाई म्हणाल्या. "मनावर घेतलं की होतं."

"मनावर नाही, पायावर घेतलं," बाबा म्हणाले.

गुरुवारी साडेचारला गाडीची डावी बाजू सत्तावन्नावर आली. बाबा अकराव्या पावलाला गुडघ्यात मुडपले आणि फिजिओबाईंनी त्यांना कमरेला धरून सावरलं.

हे दोन्ही तिला एकाच वेळी दिसलं ते वहीमुळे. पावलांची नोंद ठेवा, असं फिजिओबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वेगळी वही कशाला, म्हणून गाडीची उंची डाव्या पानावर आणि बाबांची पावलं उजव्या पानावर, अशी ती लिहीत होती. त्या संध्याकाळी तिने वही उघडी टाकली आणि बराच वेळ मिटली नाही. गाडी उतरली त्या वेळेला बाबा उतरले होते, गाडी चढली त्या दिवशी बाबा चढले होते. योगायोग नाही म्हणायला तीन दिवस फार नव्हते. पण वेळा मिनिटाला मिनिट जुळत होत्या.

दोन फेऱ्यांतच चकतीचे आटे संपले होते. आता स्प्रिंग बदलणं आलं. गाडीच्या कंपनीच्या स्प्रिंगा रंगाने ओळखतात: पांढरी सगळ्यांत मऊ, मग पिवळी, मग लाल, आणि काळी सगळ्यांत कडक. गाडीत पिवळ्या होत्या. शुक्रवारी बाबांच्या झोपेत तिने मागे दोन्हीकडे लाल घातल्या. एकीकडची कधी बदलत नाहीत, नेहमी जोडीच बदलतात. चकत्या सैल करून पुन्हा बासष्टावर आणल्या आणि वाट बघत बसली.

बाबा पाच वाजता उठले, वॉकर घेतला, पलंगापासून गॅलरीपर्यंत गेले आणि परत आले. फिजिओबाईंनी टाळ्या वाजवल्या. बाबांचा चेहरा मात्र पडलेला.

"काय झालं?" कवळीताईने विचारलं.

"चालवतंय खरं. पण फरशीच्या फटी मोजता येतायत मला. प्रत्येक फट इथपर्यंत लागते." त्यांनी जबड्यावर बोट ठेवलं. चहाचा कप बशीत ठेवला तर तो किणकिणायला लागला. त्यांचा हात थरथरत नव्हता. ते सबंधच थरथरत होते, रिकामा ट्रक खडीवरून जावा तसे.

सहाला धाकटा आला. तिचा भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, आणि ज्याला वायर नाही त्याच्यावर त्याचा विश्वास नाही. तिने त्याला वही दाखवली. त्याने दोन्ही पानं वाचली आणि बहिणीकडे पाहिलं.

"म्हणजे बाबांना तू शॉक ॲब्सॉर्बर बसवलेस."

"मी फक्त लिहिलंय काय झालं ते."

"मग ऑइल चेंज कधी? की पाच हजार किलोमीटरनंतर?"

"चेष्टा करू नकोस."

"अगं ताई, तू दिवसभर दुसऱ्यांचे दात बघतेस. थोडी हवा खा बाहेरची." असं म्हणत त्याने पंजा गाडीच्या मागच्या बाजूवर ठेवला आणि दाबला, जसं कोणीही दाबून बघतं. चाकांमध्ये पोट खाली गेलं.

आत बाबा फिजिओबाईंना काहीतरी सांगत होते. त्यांचा आवाज अर्ध्या शब्दावर तुटला. मग फिजिओबाईंचा आवाज आला, "काका? काका, श्वास घ्या."

धाकट्याने हात काढला. आत बाबांनी मोठा श्वास घेतला आणि अर्धा राहिलेला शब्द पुरा केला.

पडदा बाजूला करून दोघांनी आत पाहिलं. बाबा वॉकरला धरून उभे होते, पण दोन्ही गुडघे वाकलेले होते आणि ते हळूहळू सरळ होत होते. "कमरेवर कोणीतरी बसल्यासारखं वाटलं," ते म्हणाले. "गेलं आता."

धाकटा मोरीत गेला आणि साबणाने हात धुऊन आला. नंतर तो टेबलाच्या जवळ गेला नाही, आणि चेष्टाही केली नाही. टेबलाभोवती त्यानेच खुर्च्या लावून घेतल्या, जाता-येता कोणाचा धक्का लागू नये म्हणून.

फिजिओबाई गेल्यावर बाबांनी मुलीला जवळ बोलावलं. "मागे काय घातलंयस आता?"

"लाल."

"वाटलंच. उंची मिळाली, पण हाडं खिळखिळी झाली. आमच्याकडे एक मिस्त्री होता. गाडी बसली की पाटा वाढवायचा. बसली की वाढवायचा. उंची यायची आणि ड्रायव्हरची कंबर जायची." ते भिंतीकडे बघत बोलत होते. "उंची कडकपणातून काढू नये. लांबीतून काढावी. लांब आणि मऊ स्प्रिंग घे, चकती आवळ. उंचीही राहील आणि अंगही राहील."

"गाडीचं?"

"आणखी कुणाचं?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

शनिवारी सकाळी लाल स्प्रिंग असूनही डावी बाजू एकसष्टावर होती. कवळीताईने सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन केला. गाडीच्या कंपनीच्या लांब स्प्रिंगा त्याच्याकडे नव्हत्या, दुसऱ्या कंपनीच्या होत्या, त्याच शॉकवर बसणाऱ्या. तो एका कानाने दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं ऐकत होता.

"रंग कुठला देऊ मॅडम?"

"पिवळी," ती म्हणाली. चार वर्षं गाडीत पिवळीच होती, मऊ म्हटलं की तिला तीच आठवायची.

"पिवळी. बरं."

बाराच्या सुमारास पाकीट आलं. दोन वाजता बाबा झोपले. ती बाबांच्या झोपेतच काम करायची. आडव्या माणसाचे पाय जमिनीवर नसतात, तेव्हा गाडी उचलली काय आणि उलटी केली काय, त्यांना काही जाणवत नव्हतं. लाल उतरवल्या, पिवळ्या चढवल्या. एरवी नवी स्प्रिंग आली की ती आधी चिमटीत दाबून बघायची. कुठल्याही ट्रॅकवर शेंबडं पोरसुद्धा आधी हेच करतं. पण शुक्रवारपासून तिने त्या गाडीचं काहीही दाबलं नव्हतं. रंगावर भरवसा ठेवला.

काचेवर ठेवून मोजलं तर एकाहत्तर. मागचं सगळं अंग वर आणि चाकं खाली लोंबल्यासारखी. चकती पूर्ण सैल केली तरी एकाहत्तरच. नवी आहे, चालून चालून बसेल, असं तिने वहीत लिहिलं.

तीन चाळीसला बाबा उठले. उठले म्हणजे हाताचा आधार न घेता, कमरेत न वाकता, फळी उचलावी तसे उभे राहिले. वॉकर कोपऱ्यात राहिला. ते दारापर्यंत चालत आले, पडदा सारला आणि मुलीसमोर येऊन थांबले. पाच आठवड्यांनंतर ते पुढच्या खोलीत आले होते.

"फटी लागल्या?" तिने विचारलं.

"काही लागत नाही," ते म्हणाले. "काहीच लागत नाही."

तिला रडू आलं. ते तिने येऊ दिलं. धाकट्याला फोन करून सांगितलं, डॉक्टरांकडे निरोप ठेवला. बाबा खिडकीशी गेले आणि रस्ता बघत उभे राहिले. साडेपाचला तिने खुर्ची आणून दिली. त्यांनी बसायचा प्रयत्न केला आणि हसले.

"बसता येत नाहीये ग."

तिने खांद्यांवर हात ठेवून हलकेच दाबून पाहिलं. खांदे जेमतेम बोटभर खाली गेले आणि हात काढताच होते तिथे आले.

"राहू दे," बाबा म्हणाले. "पाच आठवडे छत बघितलंय. उभं राहतो थोडा वेळ."

ते उभ्यानेच जेवले. झोप आली तेव्हा आतल्या खोलीत जाऊन कपाटाला टेकले. कवळीताई आणि धाकटा आळीपाळीने त्यांच्याजवळ थांबले. रविवार उजाडला तेव्हा बाबा कपाटाला टेकूनच होते, आणि डोळे उघडे होते.

दहा वाजता दुकान उघडलं. पहिला फोन तिचा होता.

"लांब पिवळी तुम्हीच मागितलीत मॅडम."

"मला मऊ हवी होती."

"अहो, त्या कंपनीचं सगळं उलटं आहे. त्यांची काळी मऊ. पिवळी म्हणजे त्यांची सगळ्यांत कडक, मोठ्या इंजिनच्या गाड्यांना घालतात. तुमच्या हलक्या गाडीला ती दबणारच नाही." तो जरा थांबला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. दाबून नाही बघितली?"

चूक सापडली होती आणि दुरुस्तीही सोपी होती. जुन्या पिवळ्या डबीत तशाच होत्या. दोन शॉक, चार स्क्रू, वीस मिनिटांचं काम. पण स्प्रिंग उतरवायची तर गाडी काचेवरून उचलावी लागते, आणि आजवर तिने ती उचलली होती ते बाबा आडवे असतानाच. आता बाबा आडवे होत नव्हते. धाकट्याने आणि शेजारच्या सुताराने मिळून त्यांना मागे कलवून पाहिलं. ते झुकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. सुतार म्हणाला, "काका, तुमच्यात सागवान भरलंय की काय?" त्यावर बाबाही हसले, पण उशिरा. सुतार घरी गेला.

चार वाजता फिजिओबाई आल्या. सुटीच्या दिवशी त्या येत नाहीत, बोलावल्यामुळे आल्या. बाबांचे पाय घोट्यापर्यंत निळसर झाले होते, सुजेवर बोट टेकलं की खळगा तसाच राहत होता. फिजिओबाईंनी खुबा वाकवायचा प्रयत्न केला आणि हात मागे घेतला.

"इथे सांधा आहे असंच वाटत नाहीये," त्या म्हणाल्या. "हे असं चालणार नाही. रक्ताची गाठ झाली तर वर सरकेल. किती वेळ उभे आहेत?"

"चोवीस तास वीस मिनिटं."

डॉक्टर म्हणाले, घेऊन या. रुग्णवाहिकेला साडेसहा होणार होते. फिजिओबाई खाली फाटकाशी जाऊन थांबल्या.

पावणेसहाला बाबांनी मुलीला हाक मारली. त्यांचा आवाज फाटका झाला होता. "दमलो ग. आता बसव मला."

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे पाटे बसवणाऱ्या माणसाने हा शब्द आणखी कुठल्या अर्थाने म्हटला असेल, ते तिने विचारलं नाही. तिने जुन्या पिवळ्या डबीतून काढल्या आणि एकेक चिमटीत दाबून पाहिली. स्क्रू ड्रायव्हर उजव्या हाताशी ठेवला. टेबलाभोवतीच्या खुर्च्या बाजूला केल्या. धाकट्याला सांगितलं, "तू त्यांच्या मागे उभा राहा. बगलेत हात घाल. पडले तर तुझ्या अंगावर पडले पाहिजेत."

"आणि तू?"

"मी हळू उचलते. काही वाटलं तर सांग."

तिने गाडीच्या पोटाखाली दोन्ही तळवे घातले. मागची चाकं काचेवरून सुटली, मग पुढची.

"जमीन लागत नाहीये पायाला," आतून बाबा म्हणाले. आवाज नेहमीचा होता, चहात साखर कमी आहे म्हणावं तसा.

"थांब, ताई," धाकटा म्हणाला.

ती थांबली. पडदा उघडा आहे, पण तिच्या जागेवरून तिला फक्त धाकट्याची पाठ दिसते. घड्याळात सहा वाजून चार मिनिटं झाली आहेत. गाडी काचेपासून बोटभर वर, तिच्या हातांत आहे. स्क्रू अजून एकही सुटलेला नाही. धाकट्याचे हात बाबांच्या बगलेत आहेत, आणि तो दुसऱ्यांदा सांगतो आहे की बाबांचे पाय फरशीला टेकलेले नाहीत आणि तरी त्याच्या हातांवर वजन येत नाहीये.